पुढं तू आलीस

बुधवार, २० जून २०१२. लातूर

खोली मिळाली एकदाची. ट्यूशन एरियातच, तीन मजली इमारतीत, गच्चीला लागून. घरमालक आधी देईनात. "पोरगं कितवीला हाय?" म्हणाले. पोरगं नाही, मीच शिकतेय, पीएच.डी. करतेय, हे त्यांना पटेचना. इथं बाई खोली घेते ती लेकरासाठी. माझा विषयही तोच आहे: पोरांच्या बारावीसाठी गाव, शेत, नवरा मागं ठेवून लातुरात येऊन राहणाऱ्या आया. सोम-मंगळ नांदेडला कॉलेजात तास, उरलेला आठवडा इथं, असं ठरवलंय.

निघताना लता मॅडमनी, माझ्या गाईडनी, पुन्हा बजावलं. प्रश्नावली काढायची नाही. "आपण कागद धरून समोर बसलो की बाई विचारलं तेवढंच सांगते. तिच्यासोबत राहा, भाजी निवड. ती तुला काही विचारेल, तेव्हा टाळू नकोस. आजवर बायकांबद्दल जे लिहिलं गेलं ते त्यांच्या नवऱ्यांना विचारून लिहिलंय." दोन वर्षं मी हे ऐकतेय, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. ही पद्धत मला फक्त पुस्तकातून पटलेली नाही, मनापासून पटलीय.

राघवेंद्र, माझा नवरा, स्टँडवर सोडायला आला होता. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तेवढं लक्षात ठेव म्हणाला.

शुक्रवार, २९ जून. लातूर

नळाला चार दिवसांनी पाणी आलं आणि माझ्या सगळ्यांशी ओळखी झाल्या. मल्लम्मा देगलूरकडची, मुलगा बारावीला. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलते आणि दोन्ही जोरात. चतुराबाई किल्लारीच्या अलीकडच्या गावची, मुलगी बारावीला. चतुराबाई कमी बोलते. घागर भरली की बाजूला होते, पण जात नाही, दुसरीची घागर उचलू लागते.

संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. एक पलंग, तो मुलीचा. ही खाली चटईवर. मुलगी वर्षाराणी पलंगावर मांडी घालून वाचत होती, मी आले तरी मान वर नाही. आम्ही शेपूची जुडी घेऊन बसलो.

"तुला लेकरू?" चतुराबाईनं विचारलं.

"नाही अजून."

"किती वरसं झाली लग्नाला?"

"सात."

तिनं हातातली काडी तशीच धरली. आणखी काही विचारणार होती. मी घाईनं तिच्या गावाला पाऊस कसा आहे ते विचारलं. पाऊस नाहीच म्हणाली.

गुरुवार, १२ जुलै. लातूर

गच्चीवर कपडे वाळत घालताना वर्षाराणी आली. हातात पुस्तक होतंच. यंदा सीईटी होणार की ती नवी नीट, कुणालाच नक्की माहीत नाही, क्लासवाले दोन्हीची तयारी करून घेताहेत, असं सांगत होती. मधेच वेणी पुढं घेऊन तिनं हात फिरवला, आणि बोटात आलेला केसांचा पुंजका कठड्यावरून खाली सोडला. सवयीनं केल्यासारखं.

"मॅडम, तुम्ही आयांनाच विचारता का?"

"हो, विषय तेवढाच आहे."

"बरं," म्हणाली आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग गेली.

हुशार मुलगी आहे. विषयाची सीमा पाळली पाहिजे, नाहीतर काम पसरत जातं. मॅडम म्हणतातच, मनस्विनी, तू वाहवत जातेस.

गुरुवार, २६ जुलै. लातूर

आज दुपारी चतुराबाई बोलली.

सुरुवात मीच केली, भूकंपापासून. एवढंच विचारलं की तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात. ती म्हणाली, पंचविशीची असंल. दोन लेकरं होती. दयानंद थोरला, धाकटी सोनू. आदल्या दिवशी गणपती बुडवून आले होते, पोरं दमून झोपली होती. भिंत त्यांच्या बाजूनं आली. एवढंच म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.

मग म्हणाली, "आन माझं आपरेशन झालेलं ना. दोनीवर केलेलं."

मला कळायला क्षण लागला. नसबंदी. मुलं गेली, आणि आता मूल होणार नव्हतं.

"मग पुढच्या साली सरकारची जीप आली. ज्यांची लेकरं गेली त्या बायांचं आपरेशन खोलून देतेत म्हणं, मोठ्या दवाखान्यात. सासूनं लुगडं काढून दिलं. मालक म्हणले, बस. बायका बसल्या, म्या बी बसले."

"तुम्हाला हवं होतं का?"

"मला नको हुतं बाई." इतक्या साधेपणानं म्हणाली, जणू चहा नको म्हणावं. "दोन गेली, आता परत कशाला? कुनी इचारलंच न्हाई. डागदरनं न्हाई, मालकानं न्हाई. दिवस ऱ्हायले तवा सगळ्या गावानं पेढे वाटले. म्या नव महिने पोटाला हात लावला न्हाई. मग ही झाली, आन..."

कुकरची शिट्टी झाली. दारात चपला वाजल्या. "आई, पाणी," वर्षाराणी म्हणाली. क्लास लवकर सुटला होता.

चतुराबाई उठली. रेकॉर्डर माझ्या पदराखाली होता, मी हळूच बंद केला.

शुक्रवार, २७ जुलै

मुलाखत तीनदा ऐकली. 'कुनी इचारलंच न्हाई.' एका वाक्यात सगळं आहे: राज्यसंस्था, घर, वैद्यक, बाईचं शरीर. आणि ते तिनं मला सांगितलं, कारण मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. माझ्या कामाला अर्थ आहे असं आज वाटतंय.

सोमवार, ६ ऑगस्ट. नांदेड

मुलाखत ऐकून लता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मनस्विनी, हीच तुझ्या प्रबंधाची मध्यवर्ती मुलाखत." सप्टेंबरअखेर इथं चर्चासत्र आहे, आपत्ती आणि स्त्रिया. त्यात वाच म्हणाल्या. मी म्हटलं, मुलाखत अर्धवट राहिलीय, पुढचं विचारायला हवं. त्या म्हणाल्या, "तिथंच थांबू दे. ती थांबते, तेच बोलकं आहे."

मला ते पटलं. तरी एकदा चतुराबाईला विचारून यायचं असं मनाशी ठरवलं.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झालीत. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला न सांगताच कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात. त्यांना काळजी असते.

शनिवार, २५ ऑगस्ट. लातूर

धोंड्याचा महिना लागलाय. अर्ध्या खोल्यांना कुलपं, आया जावयांच्या जेवणासाठी गावी गेल्यात. चतुराबाईपण दोन दिवस नाही, तिच्या नणंदेच्या जावयाचं आहे. वर्षाराणी एकटी. मी वरणभात नेऊन दिला. तो तसाच झाकून ठेवला.

म्हणाली, "मॅडम, दयाभाऊ असता तर आता डॉक्टर झाला असता. सगळे म्हणतात."

"तुला व्हायचंय ना डॉक्टर?"

"मला?" एवढंच म्हणून हसली. मग वही उघडून एक आकृती काढायला लागली.

मी सांगितलं, ताण घेऊ नकोस, नीट जेव. वर येऊन सप्टेंबरच्या निबंधाला बसले. नाव बदललं: चतुराबाईची 'सुमन' केली. गाव काढून टाकलं, फक्त 'औसा तालुका' ठेवला, नाहीतर संदर्भच कळत नाही. मुलगी बारावीला, लातुरात ट्यूशन एरियात दोघी राहतात, हे ठेवावंच लागलं. त्याशिवाय माझा विषय कुठे उरतो?

गुरुवार, १३ सप्टेंबर. लातूर

चतुराबाई पलंगाखालून ट्रंक ओढून झाडत होती. मी विचारलं, तुम्ही बोललात ते मी एका ठिकाणी वाचून दाखवणार आहे, चालेल ना? नाव बदललंय.

"कुठं वाचनार?"

"नांदेडला. प्राध्यापक असतात, शिकलेली माणसं."

झाडू थांबला. "हितल्या बायकांत नको."

"नाही नाही, इथं कुणालाच कळणार नाही."

"पोरीला?"

"मुळीच नाही."

"मग वाच," म्हणाली. पण झाडताना पुन्हा एकदा थांबून माझ्याकडं बघितलं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायला शिकावं लागतंय, ते स्वाभाविक आहे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर. नांदेड

निबंध वाचला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. 'म्या नव महिने पोटाला हात लावला न्हाई' या वाक्यावर मी थांबले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई रडत होत्या. चहाच्या वेळी वर्तमानपत्राचा एक माणूस आला, निबंधाची प्रत मागितली. मॅडमनी दिली. "हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे," म्हणाल्या. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

रविवार, ३० सप्टेंबर

भूकंपाच्या स्मृतिदिनाचं पान आहे. लातूर आवृत्तीतही. वर ठळक अक्षरांत: 'मला हे मूल नको होतं!' खाली 'सुमन', औसा तालुका, दोन लेकरं गेली, ट्यूशन एरिया, बारावीची मुलगी. माझं नाव बरोबर छापलंय.

चतुराबाई आणि वर्षाराणी आज गावी असतील. दरवर्षी जातात, स्मृतिस्तंभाला फुलं वाहायला. गावात पेपर येतो का? येत असेलच.

तिला फोन लावला नाही. काय म्हणणार होते?

सोमवार, १ ऑक्टोबर

मल्लम्माचा फोन. "मॅडम, पेपरात ते चतुराबाईचंच हाय की?"

मी म्हटलं, नाही, ती वेगळी बाई.

"मेसमधे सगळी पोरं तेच बोलतेत. आपल्या बिल्डिंगमधे भूकंपाची कोन हाय दुसरी?" मग थोडं थांबून, नेहमीपेक्षा हळू: "म्या पन तुमाला माझं सांगितलंय, मॅडम. ते बी येनार काय पेपरात?"

मी नाही म्हटलं. तिनं फोन ठेवला.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव कुठे आलंय? ओळखता येण्याची शक्यता प्रत्येक कामात असते. म्हणाल्या, घाबरू नकोस. मी घाबरले आहे.

बुधवार, ३ ऑक्टोबर

या आठवड्यात लातूरला गेलेच नाही. घरी ताप असल्याचं सांगितलं. ताप नव्हता.

दुपारी दारावर टकटक. वर्षाराणी. एकटी. पाठीवर क्लासची सॅक. लातूरहून बसनं आली, माझ्या कॉलेजात जाऊन पत्ता विचारला. आईंनी पाणी दिलं, ते ती घटाघटा प्यायली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मला टेप ऐकवा."

"वर्षाराणी, ते..."

"पेपरात लिहिलंय ते आईच्या आवाजात ऐकायचंय मला. क्लासमधे एका पोरानं फळ्यावर लिहिलं. सर आले तरी कुणी पुसलं नाही, मग मीच पुसलं."

मी म्हटलं, ते बोलणं तुझ्या आईचं आहे. तिच्या परवानगीशिवाय मला कुणालाही ऐकवता येत नाही. हे मी म्हटलं. माझ्याच तोंडून आलं.

ती ओरडली नाही. "पेपरला देताना येत होतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मग तिनं विचारलं, "पुढं काय म्हणली? पेपरात तिथंच संपलंय. मी झाले, आन... पुढं?"

"पुढं काही नाही."

"खोटं नका बोलू."

"खरंच नाही. पुढं तू आलीस. क्लास लवकर सुटला होता. कुकरची शिट्टी, तुझ्या चपलांचा आवाज, आणि तू 'आई, पाणी' म्हणालीस. टेप तिथंच संपते."

ती सॅकच्या पट्ट्याला पीळ घालत राहिली. "मग तुम्ही नंतर विचारलं नाही?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते एका सतरा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नाही. ते वाक्य अर्धं होतं तेच मला छान वाटत होतं.

चतुराबाईला फोन लावला. सकाळपासून ती स्टँड, क्लास, तळं सगळं पालथं घालत होती. वर्षाराणी इथं आहे, असं मी सांगितलं. "म्या येते," म्हणाली. वर्षाराणीनं मान हलवली: घरी नको, इथंही नको. शेवटी अहमदपूर ठरलं, मधलं. उद्या सकाळी.

आईंनी तिला जेवू घातलं. तिच्या केसांना तेल लावून दिलं. मी हे तीन महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

गुरुवार, ४ ऑक्टोबर. अहमदपूर, मग नांदेड

आमची बस आधी पोचली. बाकड्यावर बसलो. लातूरची गाडी आली, चतुराबाई सगळ्यात शेवटी उतरली. पायात दोन वेगळ्या चपला होत्या, एक तिची, एक वर्षाराणीची. लेकीपाशी आली आणि तिनं तिच्या दंडाला इतक्या जोरात धरलं की मला वाटलं मारते आता. मारलं नाही. धरूनच उभी राहिली.

मी म्हटलं, "चतुराबाई, माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "तू तिकडं जा."

पलीकडं रसवंती होती, तिथं जाऊन बसले. मधे फलाट. गाड्या येत होत्या, लागल्या की दोघी दिसत नव्हत्या, निघाल्या की पुन्हा दिसत होत्या. आधी चतुराबाई बोलत होती, बराच वेळ, जमिनीकडं बघून. मी तिला एवढं सलग बोलताना कधी ऐकलेलं नाही. नायगावची गाडी आली, गेली. मग वर्षाराणी बोलत होती, हातवारे करून, रागानं, आणि चतुराबाईनं पदर तोंडावर धरला होता. आणखी एक गाडी. ती गेल्यावर पाहते तर वर्षाराणी हसत होती, नाक पुसत पुसत. कशाला हसली असेल? चतुराबाई काय म्हणाली असेल?

इतकं जाणून घ्यावंसं वाटत होतं की मी उठून दोन पावलं पुढं गेले. पर्समधे हात गेला तेव्हा बोटांना रेकॉर्डर लागला. तो मी कशाला आणला होता? कुणालाच त्याचं काम नव्हतं. परत जाऊन बसले.

लातूरची बस लागली, दोघी चढल्या. खिडकीतून वर्षाराणीनं एकदा बघितलं. चतुराबाईनं नाही.

सोमवार, १५ ऑक्टोबर. नांदेड

मॅडमना सांगितलं, ती मुलाखत प्रबंधातून काढायची आहे. त्या म्हणाल्या, "ती काढली तर उरतं काय? आणि तिनं सांगितलंय का काढ म्हणून? की हेही तूच तिच्या वतीनं ठरवतेस?"

हे मात्र खरं आहे. विचारावं लागेल. आठवडाभर जायची हिंमत होत नाहीये.

उद्या डॉक्टरकडे. या वेळी हैदराबादच्या डॉक्टरांचं मत घेऊ असं राघवेंद्र आणि आईंनी ठरवलंय. ठरलंय तर जाईन.

गुरुवार, ८ नोव्हेंबर. लातूर

गेले.

मल्लम्मा जिन्यात भेटली. "नमस्कार मॅडम," म्हणाली आणि आत जाऊन दार लावलं. जूनमधे याच दारात तिनं मला पुरणपोळी हातावर दिली होती. आता या इमारतीत कुणी माझ्याशी बोलणार नाही, आणि बोलू नयेच.

चतुराबाईच्या खोलीत भुजंगराव बसले होते, तिचे मालक. आजवर मी त्यांना फक्त तिच्या बोलण्यातून ओळखत होते. उंच, वाकलेला माणूस, टोपी गुडघ्यावर. मी आत आल्यावर उठायला लागले, मग पुन्हा बसले.

"पेपर वाचून दावला मला एकानं," म्हणाले. "लिवलंय ते खरं हाय. म्या इचारलं न्हाई तिला. तवा कोन कुनाला इचारत हुतं? मला बी जीपवाल्यानं इचारलं न्हाई." टोपी हातात फिरवत राहिले. "माझी बी दोन गेली हुती की, ताई."

ते बाहेर निघून गेले, दूध आणतो म्हणून.

चतुराबाई गहू निवडत होती. मी खाली बसले. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं नाही.

"चतुराबाई, तुमचं सगळं काढून टाकू का मी? तुम्ही म्हणाल तसं करते."

"काढ."

"सगळं? भूकंपाचं, दयानंदचं..."

"त्यांची नावं बी काढ. आन ते मशीन."

मी रेकॉर्डर काढला. कसं पुसतात ते तिला दाखवलं. बटण तिलाच दाबायला सांगितलं. तिनं नको म्हटलं, "तूच दाब, म्या बघते." मी दाबलं. पडद्यावर काहीच उरलं नाही याची तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी विचारलं, वर्षाराणी कशी आहे? बारावी देणार आहे म्हणाली, डॉक्टरकीचा क्लास मात्र सोडला. पुढं काय ते ती बघंल. जेवते आता.

"तुमच्याशी बोलते?"

चतुराबाईनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "बोलती. लई बोलती. काय बोलती ते तुला न्हाई सांगनार." गव्हातला खडा तिनं दाराकडं भिरकावला. "तुझ्यावर माझा राग हाय, ताई. तो इतक्यात जायचा न्हाई. सांगून ठेवते, नंतर पुन्ना इचाराय येऊ नको."

"बरं."

"आता जा. तिची यायची येळ झाली."

निघाले. जिन्यात वर्षाराणी भेटली, वर येत होती. वेणी कापून केस मानेपर्यंत आणलेत. तिनं भिंतीला सरकून मला वाट दिली. मी दोन पायऱ्या उतरले असेन तोच वरचं दार उघडलं, लागलं, आणि आतून तिचा आवाज आला, मग चतुराबाईचा, मग दोघींचा एकदम.

मी थांबले नाही.